पट्टीची पकड

अलफियानं काळी पट्टी भागवतच्या उजव्या बोटांना बांधली आणि तिच्या तारा फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडल्या.

"काका, जरा थांबा, तापाले वेळ लागते. नुसत्या प्लास्टिकातून करंट जात नाही. म्हणून यात काजळी घातली, टायरात घालतात ती. तिचे कण एकमेकांले खेटून बसले, की करंटले वाट भेटते. मंग पट्टी तापते, नरम होते अन् जो आकार शिकवला तोच धरते. म्या पंपाची दांडी धरणं शिकवलं."

दोन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून झालेल्या भांडणात थोरल्या भावानं हातावर कुऱ्हाड घातली, तेव्हापासून भागवतची ती बोटं मिटली नव्हती. इकडे बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती आणि अलफियाचा बाप नजीर याच्या दुरुस्तीच्या दुकानात नादुरुस्त पंप घेऊन गर्दी झाली होती. त्या गर्दीत तो थोरला भाऊ, शालिग्राम, उभा होता.

"या हातानं दांडी धरतं काय बे?" तो पुढे आला आणि वाकून त्यानं आपला गळाच त्या उघड्या पंजात दिला. "हे घे. धरून दाखव!"

लोक हसले. पट्टी वळली.

शालिग्रामचं हसू घशातच राहिलं. दोघं टेबलावर कोसळले, भागवत वर. शालिग्रामच्या टाचा फरशी घासू लागल्या.

"करंट तोड, करंट तोड!" नजीर ओरडला. मोटारीला चिकटलेली माणसं त्यानं अशीच सोडवली होती. त्यानं तारा उपटल्या आणि भागवतची बोटं ओढली. ती हलेनात. पट्टीची गाठ गळ्याखाली दबलेली.

"अब्बा, काऊन तोडला? थंडी झाली की ती लोखंडावाणी होते! गरम असली तरच उघडते!"

नजीर तारा हातात धरून तसाच उभा राहिला. माणूस अडकलेला असताना पुन्हा करंट द्यायचा, हे त्याच्या हाताला पटेना. अलफियानं तारा हिसकल्या आणि जोडल्या.

"घाबरू नका काका. चूक पट्टीची हाय, तुमची नाही."



पट्टी नरम पडली. अलफियानं एकेक बोट उलगडलं आणि पट्टी काढून घेतली. शालिग्रामनं एक श्वास ओढला. दुसरा ओढण्याआधी भागवतचा डावा हात त्याच्या गळ्यावर बसला.