शनिवारची गर्दी

"आमच्या पवित्र तोराग्रंथावर हात ठेवून सांगतो, डॉक्टरसाहेब. माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडलेलं नाही," मनासे कंपाउंडर म्हणाला.

"मग वेणूचं लग्न मोडलं कसं?" कमळाकर डॉक्टरांनी विचारलं.

वेणू म्हणजे मिठागरावरच्या तुळशीरामची मुलगी. तिला क्षय आहे अशी आवई पनवेलच्या बाजारातून निघून थेट जासईला, तिच्या होणाऱ्या सासरी पोचली आणि त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. वेणूला साधं पडसंही नव्हतं. डॉक्टर स्वतः जासईला जाऊन तसं सांगून आले, पण ऐकतो कोण? डॉक्टर झाकताहेत, असंच सगळे म्हणाले.

"त्यांचं तरी काय चुकलं?" डॉक्टर म्हणाले. "आजवर या दवाखान्यातून फुटलेली प्रत्येक गोष्ट खरी निघाली. राफेल मास्तरांचा मधुमेह गावाला मास्तरांच्या बायकोआधी कळला. मग हीच बातमी खोटी कशी मानतील? आणि मनासे, मला एक सांगा. शनिवारी आलेल्या पेशंटचं कधीच काही कसं फुटत नाही?"

मनासे यहुदी. शनिवारी त्याचा शब्बाथ, कामाला सुट्टी देण्याचा धर्मदिवस. त्या दिवशी तो बाटलीला हात लावत नसे, औषधं डॉक्टर स्वतः देत. अलीकडे शनिवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे, हेही त्याच्या कानावर आलं होतं. आपल्यापेक्षा डॉक्टरांच्या हातचं मिक्श्चर लोकांना गोड लागतं, असा अर्थ काढून तो मनातल्या मनात रुसला होता.

"कुठून फुटतं ते शोधून काढा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मी काढतोय त्या नव्या इस्पितळातलं औषधांचं खातं तुमच्या हाती देणं मला जमायचं नाही."

मनासेचं तोंड एवढंसं झालं. त्या खात्याच्या भरवशावर त्याने शिंप्याकडे नवा कोट शिवायला टाकला होता. आणि गुपित पोटात ठेवण्याबद्दल तर त्याला स्वतःचा केवढा अभिमान! घरी बायकोने, हदासाने, कितीही खोदून विचारलं तरी तो मिठाची गुळणी धरून बसे. नव्या इस्पितळातल्या आपल्या जागेची बातमी तेवढी त्याने गावभर केली होती, पण ती काही कुणाचं दुखणं नव्हती.

तो बाहेर आला. बाकावर गुणाबाई गुडघे चोळत बसली होती. ती रोजचीच.

"गुणाबाई, वेणूचं तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की वो, कंपौंडर."

"मी?"

"मंग? तुमी तिला 'या' बोललाव ना! सगल्या बाकानं आयकलं. आमी काय येडी हाव?"

मनासे तिथेच, तिच्या शेजारी मटकन बसला.

निघालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतात. पण दवाखान्याच्या खिडकीतून 'या' म्हणायचं म्हणजे पुन्हा आजारी पडा म्हटल्यासारखंच. म्हणून मनासेने स्वतःची एक रीत काढली होती. बाटली हातात देताना तो हसून म्हणे, "पुन्हा येऊ नका." लोकांना तो आशीर्वाद वाटे आणि मनासेला स्वतःचं फार कौतुक वाटे. मात्र ज्याचं दुखणं लांबायचं असेल त्याच्यापुढे ही थाप मारायला त्याची जीभ वळत नसे. मग तो खाली बघून पुटपुटे, "बरं, या." तेवढं ऐकलं की दुखण्याचं नाव बाक लक्षणांवरून स्वतःच ठरवी. तोंड शिवून बसलेला हा गृहस्थ इतकी वर्षं खिडकीतून रोज दवंडी पिटत होता.

आणि वेणू तर औषधाला आलीच नव्हती. ती लग्नाचं आमंत्रण द्यायला आली होती. खिडकीशी वाकून हळूच बोलली, लाजली, लाजता लाजता तिला ठसका लागला. आता नवरी झाली म्हणून मनासे तिला मानाने, चारचौघांसारखा म्हणाला होता, "बरं, या!"

त्याने आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर आधी खो खो हसले, मग हसायचे थांबले.

"तुमच्या शब्दाने मोडलं ते तुमच्याच शब्दाने जुळेल," ते म्हणाले. "माझं कोण ऐकतंय?"

बाजाराच्या दिवशी, बाक गच्च भरलेला असताना वेणूला बोलावलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मनासे खिडकीतून बाजारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "नवरीबाई, पुन्हा येऊ नका!"

दुसऱ्या दिवशी जासईहून निरोप आला. लग्न ठरल्या तिथीलाच होणार होतं.

डॉक्टरांनी मनासेला आत बोलावलं. "गावाचा माझ्या पदवीपेक्षा तुमच्या जिभेवर विश्वास आहे, मनासे. तुम्ही गप्प बसलात तर लोक तुमचा चेहरा वाचतील. अशा माणसाला मी इस्पितळात कुठे बसवू? इथेही आता ठेवता यायचं नाही."

मनासेला फार वाईट वाटलं. या खिडकीमागेच त्याचे केस पांढरे झाले होते. पण डॉक्टरांचं खोटं नव्हतं. शिंप्याकडचा कोट आठवून त्याचं त्यालाच हसू आलं. त्याने टोपी घातली, छत्री घेतली आणि बाकासमोर येऊन उभा राहिला.

"येतो, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर त्याला पोचवायला दारापर्यंत आले होते. सवयीने 'या' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कान टवकारून बसलेल्या बाकाकडे त्यांचं लक्ष गेलं. शब्द त्यांनी तसाच गिळला.

"मनासे," ते म्हणाले, "पुन्हा येऊ नका."

बाकावर सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

"चला," गुणाबाई म्हणाली, "आपला कंपौंडर बरा झाला!"