अपघात कोणी केला?

"अपघात झाला," वेस्लीनं मोठ्यानं वाचलं.

"झाला? आपोआप?" लोरेटाबाईंनी विचारलं. "कोणी केला?"

मिनेसोटातल्या त्या कॉलेजच्या लेखन केंद्रात बाई वीस वर्षं हेच करत आल्या होत्या. मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही. त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचं आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. पुढच्या सत्रापासून हेच काम करणारी ट्रिना कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. शिकायला आलेल्यानं नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही, असा नियम.

"मी केला," वेस्ली पुटपुटला.

"मग तसं लिही की! कोण वाचणार आहे हे?"

"जज. शुक्रवारी. वकील म्हणतो, माफी मनापासून वाटली तर सुटशील, नाहीतर दोन वर्षं आत."

त्यानं लिहिलं: मी मिसेस हौगींना गाडीखाली चिरडलं. एकोणीस वर्षांचं पोर! ट्रिनाला बघवेना. तिचे डोळे भरून आले. मान खाली घालून ती वहीत उगाच रेघा ओढत राहिली.

"पुढे?"

"नोव्हेंबरातली संध्याकाळ. बर्फ पडत होता. मी वेगात होतो. वळणावर मिसेस हौगी रस्त्यात आधीच आडव्या पडलेल्या दिसल्या. ब्रेक दाबेपर्यंत..."

"थांब. आधीच पडलेल्या?"

"हो. पोलिसांनाही सांगितलं. कोणालाच पटत नाही. आता कधीकधी मलाही पटत नाही."

लोरेटाबाईंनी चष्मा काढला. "हे बघ राजा, मी काही तिथं नव्हते. पण माफीच्या पत्रात हे वाक्य आलं, की वाचणारा म्हणेल, लागला हा अंग काढून घ्यायला."

"पण खरं आहे ते, मॅडम!"

"मग ठेव. पत्र तुझं आहे."

वेस्ली रडकुंडीला आला. पेन त्या ओळीवर नेलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग एकदम कोपऱ्याकडे वळला. "तू सांग ना. तुला काय वाटतं?"

ट्रिना दचकली. बाईंनी मानेनंच परवानगी दिली.

"खोड," ती हळूच म्हणाली. "कोणाला खरं वाटायचं नाही."

त्यानं ओळ खोडली. अक्षरही दिसेना, अशी. डोळे पुसले, दोघींचे आभार मानले आणि पत्र खिशात घालून गेला.

"नियम मोडलास, पण छान बोललीस," बाई म्हणाल्या. "थोडक्यात. चल, मला घरी सोडतेस? बाहेर बर्फ सुरू झालाय."

"हल्ली मी बसनं येते," ट्रिना म्हणाली.

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळपासून तिची गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती, आणि वायपरमध्ये अडकलेली मिसेस हौगींची लोकरी टोपी काढायला तिचा हात अजून धजावला नव्हता.