दोनचा गजर

रात्रपाळी करून आलेल्या नर्सला दिवसा धड झोप मिळेल तर शपथ! दुपारी दोनचा गजर झाला की सासूबाईंना वाढायला उठणं आलंच. पण या आठवड्यात तिला थेट पाचला जाग यायची, अंग कसं पिसासारखं हलकं.

"आई, गजर बंद करून मला झोपू देता, फार उपकार झाले."

"मी कुठली उठतेय हे गुडघे घेऊन? तूच तर दोनला उठून वाढतेस, वेणी घालतेस. हल्ली गप्पाही मारतेस हो, बरं वाटतं!"

दुसऱ्या दुपारी गजर वाजला. कुणीतरी तो हलकेच बंद केला, पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत ओढलं. डोळे उघडायची तिची हिंमत झाली नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचं खळखळून हसणं आलं. पाठोपाठ तिचा स्वतःचाच आवाज, मायेनं दबलेला:

"हळू, आई. ती झोपलीय."