अठरा युनिट

जुलैभर चिऱ्याच्या भिंती सुकल्या नाहीत. फ्रान्सिस्काच्या मांजराने चुलीमागची जागा सोडली. सत्यवान मास्तरांच्या वहीत अठरा हा आकडा लाल शाईने लिहिलेला होता.

गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती. घरातली सगळी बटणं बंद केली तरी मास्तरांच्या मीटरची चकती फिरत राहायची. त्यांनी घड्याळ लावून फेरे मोजले. पंचवीस वॉटचा दिवा दिवसरात्र जळावा एवढी वीज वाया जात होती; महिन्याला अठरा युनिट. वही घेऊन ते मागच्या बिऱ्हाडात फ्रान्सिस्काकडे गेले. मधली भिंत दोघांची एकच, पण तिच्या खोल्यांना वीज दिलेली नव्हती.

"माझो करंट चोरतंस गो?"

"माज्याकडे रॉकेलची चिमणी आसा, मास्तर. येवन बघा. पण तुमची भिंत माका चावता."

"भिंतीक दात कधी फुटले?"

पुढचे तीन आठवडे मास्तर रोज चकती मोजत राहिले आणि भेटेल त्याला चोरीचं सांगत राहिले.

वायरमन विन्सेंट मंगळवारी आला. मास्तरांची वायर भिंतीत एका जागी उघडी पडली होती. त्याने फ्रान्सिस्काच्या बाजूने, चुलीमागे तार टेकवून पाहिली, तर तारेला जोडलेला हातातला तपासणीचा दिवा मंद पेटला. मास्तरांनी वही पुढे केली.

"माझो हिशोब बघ. चूक आसा खंय?"

विन्सेंट दारात जाऊन थुंकला.

"नाय, मास्तर. सगळी वीज हयसूनच जाय होती."

फ्रान्सिस्काला आदल्या दिवशी, सोमवारी पुरलं होतं.