कच्चा टाका

टोरोंटोत बेसबॉल संघाचे शर्ट शिवणाऱ्या निसिमला सकाळपासून वाटत होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. मॅनेजरने तीन शर्ट शिवून घेतले होते, अरुंद खांद्यांचे. नावं विचारली तर म्हणे, मग सांगतो. भर सीझनमध्ये कोवळी पोरं आणायची, तर बदल्यात मोठा मोहरा जाणार. तेवढ्यात संघाचा हुकमी फलंदाज रॉय शर्टावरचा उसवलेला नंबर शिवून घ्यायला आला. "मला ट्रेड करून दुसऱ्या संघाला देणार नाहीत, मॅनेजरने शब्द दिलाय. इथंच, रिचमंड हिलला घर घेतोय!" निसिमने मान खाली घालून नंबर शिवला. रॉयने कड ओढली, तसा दोरा सुटला. "मातीत घसरलो तरी तुझी शिलाई सुटत नाही. आज कच्चा टाका?" उद्या नंबर उसवायचाच म्हणून निसिमचा हात परस्पर सैल पडला होता. रॉयने हँगरवरचे अरुंद शर्ट मोजले. "माझ्या बदल्यात," तो पुटपुटला, "तीनच?"