न कापलेली प्रत

"सावकाश बघा," श्यामराव म्हणाले. "एकही घडी सोडू नका."

यज्ञेश्वरांनी हात धुतले, कोरडे केले, मांडीवर पांढरं फडकं पसरलं आणि पुस्तक त्यावर अलगद आडवं केलं. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात त्यांचे केस पिकले होते, पण असं पुस्तक मांडीवर आलं की ते अजूनही बारशाला आल्यासारखे बसत.

कुठल्याशा संस्थानच्या छापखान्यातून शंभर वर्षांपूर्वी निघालेला चित्रसंग्रह होता तो. त्या काळी छापलेला मोठा कागद दुमडून तसाच शिवत आणि घड्या कापायचं काम वाचणाऱ्यावर सोडत. वाचायचं त्यानं सुरी घ्यावी आणि पानं मोकळी करावीत. या प्रतीला शंभर वर्षांत कोणी सुरी लावली नव्हती. म्हणजे ती कोणी वाचलीच नव्हती, आणि संग्राहकांच्या जगात पुस्तकाला याहून मोठा मान नाही.

कपाटाच्या काचेला पाटी होती : 'पुस्तकास हात लावण्यापूर्वी विचारावे. विचारण्यापूर्वी विचार करावा.' कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत माणसं दोनच राहत, आणि पाटी त्यांतल्या एकानं लिहिलेली. आता लिहिणारा तेवढा उरला होता.

"वहिनींचं कळलं तेव्हा मी गावाला होतो," यज्ञेश्वर म्हणाले. "भेटायला यायचं राहूनच गेलं."

"चालायचंच. तीही कुठे थांबली?"

यज्ञेश्वरांनी पहिल्या घडीवरून बोट फिरवलं. "पण तुम्हाला शंका का आली?"

"दवाखान्यात पद्मजा म्हणाली, 'अहो, तुमचं ते पुस्तक मी पाहिलंय हं. सगळं.' मी म्हटलं, काय पाहिलंस? तर म्हणाली, एक बाई आहे, मोराला दाणे घालतेय. मोर दाणे खातोय, पण तिच्याकडे बघत नाही. दुसरीकडेच बघतोय."

"अरे देवा! म्हणजे कापलं?"

"ते बघायलाच बोलावलंय तुम्हाला."

यज्ञेश्वरांनी मान हलवली. असे घाबरलेले मालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते एकेक घडी चिमटीत धरून पुढे सरकू लागले. श्यामराव शेजारी उभेच होते. त्यांची स्वतःची बोटं साखरेच्या आजारानं बधिर झाली होती. तरी त्यांनी पुस्तक कितीदा चाचपलं होतं, आणि दर वेळी कुठेतरी कापल्यासारखं लागलं होतं. पण बोटं मालकाच्या मनातलंच बोलतात, असा त्यांना संशय होता.

"एखादी तरी सापडेल," ते पुटपुटले.

"अहो, शुभ बोला की!"

मध्येच यज्ञेश्वरांचं बोट थांबलं. श्यामराव एकदम वाकले. "आहे ना? कापलंय ना?"

"छे हो. कसर लागलीय जराशी. किरकोळ."

"कापून परत चिकटवलं असेल. हात फार हलका होता तिचा. फाटकी नोट अशी जोडायची की बँकेलाही कळायची नाही."

"डिंक लपत नाही, श्यामराव." यज्ञेश्वरांनी खिशातून बॅटरी काढली आणि उजेड घड्यांवर तिरका धरला. सगळ्या घड्या पाहून झाल्या. बॅटरी विझली. पुस्तकही मिटलं.

"पेढे आणा! एकही घडी कापलेली नाही. अस्सल प्रत आहे. वहिनींनी तुमचा शब्द मोडला नाही. माणूस मिळावं तर असं. आमच्याकडे असतं हे पुस्तक, तर आमच्या मंडळींनी त्यावर मेथी निवडली असती."

श्यामराव खुर्चीत बसले. पाटीकडे पाहत राहिले.

"खरंच नाही कापलं तिनं?"

"शपथेवर सांगतो."

"एकसुद्धा नाही?"

"अहो, नाही म्हणतोय ना! आता तरी निर्धास्त झोपा."

यज्ञेश्वरांनी पुस्तक बाजूला ठेवून फडकं आवरायला घेतलं. मग श्यामरावांनी विचारलं, "मग तिनं पाहिलं कसं?"

यज्ञेश्वरांनी पुस्तक पुन्हा उचललं. "घडी वरून आणि बाजूनं बंद असते, खालून उघडी. अशी दोन बोटं घालून कागद फुगवायचा आणि डोळा लावायचा. नळीतून बघतात तसं. पण दिसून दिसणार किती? पान एवढं मोठं, आणि दिसतो तळहाताएवढा तुकडा." ते थांबले. "हं, इथे बघा. या एका घडीची खालची कड काळवंडलीय. कोणीतरी बऱ्याचदा बोटं घातलेली दिसतात. खोडरबरानं निघेल. काढू?"

"नको."

श्यामरावांनी पुस्तक मांडीवर घेतलं. त्या काळवंडल्या जागी आपली बधिर बोटं घातली, कागद फुगवला आणि एक डोळा मिटून दुसरा लावला.

आत बाईचा एक हात होता. कोपरापासून पुढचा. पुढे केलेला, मनगटात काकणं, तळव्यावर चार दाणे. त्याच्या पुढे घडी मिटलेली होती.

"दिवा लावू का?" यज्ञेश्वर म्हणाले. "काय दिसतंय?"

"मोर आहे," श्यामराव म्हणाले. त्यांनी डोळा काढला नाही. "दुसरीकडेच बघतोय."