लव्हॉन बघायची

"विजेरी दे इकडे," मारिट म्हणाली आणि आईच्या स्टुलावर बसली.

तिच्या बापाने, ओरिनने, ती दिली. गॅरेजमधल्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात पन्नास पितळी पुंगळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीत त्याने बंदुकीची दारू घातली होती. आता तोंडाशी गोळी बसवून दाबली, की काडतूस तयार. उद्या सकाळी मारिट पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने नदीच्या वरच्या अंगाला जाणार होती. चार महिने तंबूत राहून सॅमन मासे मोजायचे. कोडिआक बेटावरच्या त्या नदीला माणसं कमी आणि अस्वलंच फार. कमरेला पिस्तूल लागतंच. तेही साधं नाही, चांगलं दणकट, दहा मिलिमीटरचं. आणि त्यात बापाच्या हातची काडतुसं. सहा वर्षं हेच चाललं होतं.

या मे महिन्यात मारिटची आई, लव्हॉन, नव्हती, एवढाच फरक. ती फेब्रुवारीत गेली.

"बघ, बघ," ओरिन मुलीला म्हणाला. "तुझ्या आईने तीस वर्षं या पुंगळ्यांत डोकावून बघितलं. एक चूक सापडली नाही बाईला. मी म्हणायचो, अगं, माझ्याजवळ बसायचंय असं सरळ सांग की!"

तो स्वतःशीच हसला. गेल्या हिवाळ्यात औषधांनी लव्हॉनचे केस गेले होते, जिना उतरतानाही धाप लागायची. तरी ती घोंगडी गुंडाळून गॅरेजमध्ये यायची. शेगडीची ऊब तिच्या स्टुलापर्यंत पोचत नसे. तो ओरडायचा, "आत जा, गारठशील." ती म्हणायची, "तू भर. मी बघते." ती गेल्यावर शेजारपाजारचे जेवणाची भांडी घेऊन आले, चार शब्द बोलून गेले. त्यातलं काही ओरिनच्या मनाला लागलं नाही. त्याला एकच गोष्ट पुरली होती. शेवटपर्यंत तिला आपल्याशेजारी बसायचं होतं.

विजेरीचा उजेड एका जागी थांबला.

"बाबा, ही रिकामी आहे."

"काहीतरीच."

"आणि तिच्या शेजारचीत दुप्पट पडलीय."

ओरिनने चष्मा लावला आणि वाकून बघितलं. खरंच होतं. एका काडतुसाने अस्वलासमोर पिस्तूल नुसतं खट् वाजलं असतं. दुसऱ्याने ते पोरीच्या हातातच फुटलं असतं.

"असं कधी झालं नाही," तो पुटपुटला. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

मारिटने विजेरी बंद केली. बोलावं की नको, असं तिला झालं असावं.

"पहिल्यांदा नाही, बाबा. दोन वर्षं झाली. दर खेपेला एखाद-दुसरी निघायचीच. आई तुला कॉफी आणायला आत पिटाळायची आणि तेवढ्यात नीट करून ठेवायची. दवाखान्यात तिनेच सांगितलं मला. म्हणाली, आता तू बसत जा."

ओरिनने एकेक पुंगळी उचलली आणि दारू परत डब्यात ओतायला लागला. थोडी टेबलावर सांडली. मारिटने मदतीला हात पुढे केला नाही. पन्नासही रिकाम्या झाल्यावर त्याने काडतुसं दाबायच्या यंत्रावर फडकं टाकलं.

"दुकानातून घेऊन जा या खेपेला."

"घेते."

"यापुढे दर खेपेला तिथूनच घे."

मारिटने मान हलवली. ओरिनने फडक्याची कड सरळ केली. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्यासाठी बसत नव्हती तर. पहारा देत होती. एवढी आजारी असताना, त्या गारठ्यात. आणि मी वेडा..."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मारिट उठून त्याच्याजवळ आली.

"पहिली चूक सापडली त्याच दिवशी 'आता हे बंद कर' एवढंच म्हणाली असती ना बाबा, तर तिला इथे बसावंच लागलं नसतं."